वाऱ्याची बाजू घेणाऱ्या चेऊलकरबाई

चेऊलकरबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी दारात चपला काढल्या, पिशवीतून काडेपेटी काढली आणि उदबत्ती पेटवली. वसईत राहायला येऊन आम्हाला तीनच दिवस झाले होते. माझ्या बायकोला, सुधाला, वाटलं की बाई फार धार्मिक दिसताहेत. तिने लगबगीने खोक्यातून देव बाहेर काढायला घेतले. पण बाई देवांकडे ढुंकूनही न बघता मोरीत शिरल्या. तिथून खिडकीशी, तिथून दाराशी. मग खोलीच्या मधोमध उभ्या राहून डोळे बारीक करून नुसत्या धुराकडे बघत राहिल्या.

"वारा खिडकीतून येतो आणि मोरीच्या झरोक्यातून जातो," त्या म्हणाल्या. "राहा इथं. घर बरं आहे."

आणि उरलेली उदबत्ती सुधाच्या हातात दिली. "घ्या, आता देवाला लावा."

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बाई आमच्याच बिल्डिंगीत तळमजल्यावर एकट्या राहत. मुंबईत इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका सरकारी कचेरीतून त्या ट्रेसर म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि खालची रेघ न रेघ शाईने गिरवायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. मधल्या बोटावर शाईचा एक निळसर डाग होता, तो त्यांच्याबरोबरच निवृत्त होऊन वसईला आला होता.

"रेघा साहेबांच्या, पण झाडं माझी हं," त्या सांगत. "साहेब म्हणायचे, चेऊलकर, इथं एक झाड टाका. इथं म्हणजे कुठं? जिथं खिडकी द्यायची राहिली तिथं. जिथं भिंत भकास दिसतेय तिथं. साहेबांची चूक, तिथं माझं झाड! हजारो झाडं लावली मी. एकाखाली कुत्रं बसलं नाही."

मग ठरलेलं वाक्य यायचं: "कागदावर सगळंच गार असतं."

बाई कुणाच्याही घरी गेल्या की भिंतीला तळहात न लावता हाताची मागची बाजू लावत, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तशी. "ताप आहे हिला," असं त्या गंभीरपणे म्हणत आणि घरमालकिणीचा चेहरा पडे. एकदा एप्रिलमध्ये त्यांनी आमच्या बिल्डिंगीच्या सभेत उभं राहून गच्चीला चुना फासायची मागणी केली. सगळे हसले. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, गच्चीकडे बघायला वरून कोण येणार आहे?" "सूर्य येतो की रोज," बाई म्हणाल्या. शेवटी त्यांच्या कटकटीला कंटाळून चुना फासला गेला. वरच्या मजल्यावरचे पेडणेकर त्या मे महिन्यात दुपारी बनियन घालून घोरू लागले. आधी ते दुपारभर जिन्यात बसून असत. तरी बाईंचे आभार कुणी मानले नाहीत. कटकट्या माणसाचं बरोबर निघालं की लोकांना अधिकच राग येतो.

पुढे आमच्या आसपास नवीन संकुलं उठू लागली. रस्त्यापलीकडे राहणाऱ्या इनासकाकांच्या नारळीच्या वाडीला लागून एक बावखल होतं. बावखल म्हणजे विहिरीपेक्षा मोठा आणि तळ्यापेक्षा लहान असा पाणवठा. वसईच्या वाड्यांची तहान त्यावर भागायची. ते त्यांच्या भावकीच्या वाट्याचं होतं, ते विकलं गेलं. महिनाभर डंपर येत राहिले, बावखल बुजलं आणि तिथं भलामोठा फलक लागला: 'हरितगंध. तळ्याकाठी, निसर्गाच्या कुशीत'. तळंही आलं. निळ्या लाद्यांचं, गुडघाभर पाण्याचं, मधोमध तोंडातून कारंजं उडवणारा हिरवा बेडूक.

इनासकाका कुंपणाशी उभे राहून बघत. "त्या बावखलात मी पोवायला शिकलो," ते म्हणत. "आता तिथं बेडूक पन सिमिटाचा!"

आम्हाला मात्र ते संकुल आवडलं होतं. सुधाला दिवस गेले होते आणि आमच्या दीड खोलीत पाळणा कुठं टांगायचा हा प्रश्न होता. एका रविवारी आम्ही फ्लॅट बघायला निघालो. जिन्यात बाई भेटल्या. "मीही येते," म्हणाल्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

ऑफिसात काचेच्या पेटीत संकुलाची छोटी प्रतिकृती होती आणि तिच्यात स्पंजची दाट हिरवी झाडं. बाई वाकून बघू लागल्या.

"ही झाडं जमिनीत आहेत का हो?"

"मॅडम, फुल ग्रीनरी आहे," टाय लावलेला विक्रेता म्हणाला.

"झाडांच्या खाली काय?"

"पार्किंग."

"मग मुळं कुठं जाणार? डिकीत?"

सुधाने माझा हात दाबला. आम्ही नमुन्याच्या फ्लॅटमध्ये गेलो. पश्चिमेला भिंतभर काच, पांढरंशुभ्र छत, एसीचा गारवा. मला तर तिथंच राहावंसं वाटलं. बाईंनी एसी बंद करायला सांगितला आणि मला नको होतं तेच केलं. उदबत्तीचा धूर सुतासारखा सरळ वर गेला आणि छताखाली जमून राहिला.

"समुद्राकडून वारा येतो तिथं न उघडणारी काच," बाई म्हणाल्या. "ऊन आत आणि वारा बाहेर. नाव काय म्हणालात? हरितगंध?"

विक्रेत्याने मालकांना बोलावलं. मालकांनी आधी उदबत्तीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "घर घ्यायचंय की पूजा घालायचीय?" मागे उभी असलेली चार गिऱ्हाइकं खो-खो हसली. माझे कान तापले. बाहेर आल्यावर मी मालकांचा राग बाईंवर काढला.

"बाई, तुमचं आयुष्य गेलं नकाशे गिरवण्यात. आम्हाला खऱ्या घरात राहायचंय."

बाई थांबल्या. हातातली पिशवी त्यांनी उगाच या हातातून त्या हातात घेतली. "खरंय," म्हणाल्या आणि उन्हातून एकट्याच पुढे चालू लागल्या.

आम्ही तो फ्लॅट घेतला. बाई पाणी प्यायलाही पुन्हा आल्या नाहीत.

त्यानंतरचा मे महिना मी विसरणार नाही. दुपारी तीनपासून ती काच तव्यासारखी तापायची. एसी घ्यायची आमची ऐपत नव्हती, आणि ज्यांची होती त्यांची वीज जात होती. बोअरिंगला पाणी लागत नव्हतं. टँकर आला की बायका कळशा घेऊन धावत, पण आधी तळ्यात पाणी सोडलं जाई, कारण पुढच्या इमारतीची बुकिंगं चालू होती आणि बेडूक कोरडा दिसून चालणार नव्हतं. आमची चार महिन्यांची मनू घामोळ्यांनी लाल होऊन दिवसभर किरकिरायची.

अशाच एका दुपारी बेल वाजली. दारात चेऊलकरबाई होत्या आणि त्यांच्यामागे खांद्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले दोन पडदे घेऊन इनासकाका.

मी मनाची तयारी केली. 'सांगितलं होतं ना' हे ऐकायचा त्यांना हक्कच होता... म्हणजे ऐकवायचा. पण बाईंनी पाळण्यात वाकून मनूच्या पाठीवर हाताची मागची बाजू ठेवली, तशीच थोडा वेळ राहू दिली आणि पिशवीतून कागदाची एक गुंडाळी काढली.

आमच्याच घराचा नकाशा होता. जाहिरातीच्या पत्रकावरून त्यांनी तो मोठा करून काढला होता. आतल्या खोलीच्या दारावर एक झरोका. काचेच्या वरच्या भागात, मोरीला असतात तशा, उघडझाप करणाऱ्या पट्ट्या. बाहेरून झावळ्यांचे पडदे, रोज दुपारी पाणी शिंपडायचे. वारा कुठून शिरेल आणि कुठून निघेल, ते बारीक बाण काढून दाखवलं होतं. झाड एकही नव्हतं.

"बाय दोन हप्ते ह्येच करत होती," इनासकाका म्हणाले. "माज्या ओट्यावर बसून तुमची खिडकी बगायची, ऊन कवा येतं, कवा जातं."

मी कागद उजेडाकडे धरला. खालच्या कोपऱ्यात एक चौकट होती आणि तिच्यात सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'शालिनी रामचंद्र चेऊलकर'. बाईंचं नाव शालिनी आहे हे आम्हाला इतक्या वर्षांनी कळत होतं.

"कचेरीत त्या चौकटीत साहेबांचं नाव असतं," बाई जरा लाजून म्हणाल्या. "आमची नुसती आद्याक्षरं, तीही कडेला. हा मीच काढलाय, म्हणून लिहिलं. चालेल ना?"

"बाई, त्या दिवशी मी..."

"गवंडी कधी बोलावताय?" त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

सुधाने चहा केला. बाईंनी तो सावकाश, बशीत ओतून घेतला. निघताना दारात त्या घुटमळल्या. माणसाच्या घरी यायला त्यांना नेहमी काहीतरी काम लागायचं, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

"झरोका झाला की रविवारी येऊन बघून जाऊ का?" त्यांनी विचारलं. "वारा येतोय की नाही ते?"

वारा पहिल्याच रविवारी आला. बाई त्यानंतर नऊ वर्षं, दर रविवारी, तो येतोय का ते बघायला येत राहिल्या.