खंडोजीचा हौशी परवाना

एका जंगलात एक तळे होते. तळ्यात मासे होते आणि काठावर मासे खाणारे होते. मुलांनो, व्यवस्था इतकी साधी असली की काही घडत नाही आणि गोष्ट सांगणाऱ्याची पंचाईत होते. पण काळजी करू नका. लवकरच तिथे नियम आले.

तळ्याच्या काठच्या मातीच्या दरडीत एक बीळ होते. त्यात खंडोजी नावाचा खंड्या राहायचा. निळी पाठ, तांबूस पोट आणि अंगाला न शोभणारी लांबलचक चोच. सोबत त्याची बायको निळाबाई आणि नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली पाच पिल्ले.

पिल्लांना दिवसभर एकच काम होते. चोच उघडायची आणि ओरडायचे. खंडोजीलाही एकच काम होते. फांदीवर बसायचे, सूर मारायचा, बोटभर मासा आणायचा, तो फांदीवर दोनदा आपटायचा आणि पिलाच्या घशात डोक्याकडून सरकवायचा. त्यातले आपटणे फार महत्त्वाचे. न आपटलेला मासा घशात वळवळतो, काटे फुलवतो आणि पिलू गुदमरते. खंडोजीला हे वडिलांनी शिकवले होते आणि वडिलांना आजोबांनी.

त्याच सुमारास जंगलाचा राजा वाघ परमुलखाच्या दौऱ्यावरून परतला. तिथे त्याने एक तळे पाहिले होते. धट्टेकट्टे प्राणी टोप्या घालून घडीच्या खुर्च्यांत बसत, गळ टाकून मासे पकडत आणि परत पाण्यात सोडून देत.

"खात नाहीत?" वाघाने विचारले होते.

"छे छे. जेवून येतात," यजमान म्हणाले होते.

वाघाला आपल्या जंगलाची फार लाज वाटली. परतल्या परतल्या त्याने फर्मान काढले, की आपलेही तळे सुसंस्कृत करावे. तो स्वतः हरणे खातच राहिला. फर्मान तळ्यापुरते होते ना.

काठावरच्या जांभळाखाली कचेरी आली. तिथे साळिंदररावांची नेमणूक झाली. त्यांना लेखणी शोधावी लागत नसे. पाठीचा एक काटा उपटला की काम सुरू. त्यांनी भला मोठा फलक लावला.

'मासे फक्त हौसेखातर पकडावेत. वीतभरापेक्षा लहान मासा सापडल्यास सोडून द्यावा. वीतभरापेक्षा मोठा सापडल्यास त्याच्यासोबत फोटो काढून सोडून द्यावा. माशाला इजा करू नये. परवाना गळ्यात अडकवावा.'

वीत कोणाची, हा प्रश्न आलाच. राजाच्या पंजाची, असे ठरले. खंडोजी स्वतःच तेवढा लांब नव्हता.

पहिला परवाना भालेराव अस्वलाला मिळाला. मधाच्या पोळ्यांवर पोसलेले त्याचे पोट खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी ओघळत असे. त्याच्यामागून त्याचे अस्वल मित्रही आले. दिवसभर गळ टाकायचे, मासा वर ओढायचा, जबड्यातून आकडा खेचून काढायचा, फोटो काढायचा आणि "जा बाळा, जग," असे म्हणून मासा सोडायचा. भालेरावाचे डोळे त्या वेळी खरोखर पाणावायचे.

परवान्याच्या रांगेत खंडोजीही उभा होता.

"नाव?"

"खंडोजी."

"मासे पकडण्याचं कारण?"

"पोट."

साळिंदररावांनी काटा खाली ठेवला. "असं कारण अर्जात नाही. हौस, करमणूक, मनःशांती. यातलं एक सांगा."

"साहेब, घरात पाच पिल्लं आहेत. सकाळपासून उपाशी आहेत."

"मनःशांती लिहितो," साळिंदरराव म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. "पण प्रात्यक्षिक द्यावं लागेल. एक मासा पकडायचा, हसतमुखाने सोडायचा. झालं. परवाना हातात."

खंडोजी फांदीवर जाऊन बसला. मागे दरडीतून पिल्लांचा आवाज येत होता. पकडायचा, हसायचे, सोडायचा. त्याने मनात तीनदा घोकले. मग त्याने सूर मारला आणि एक चकचकीत मासा चोचीत घेऊन वर आला. खाली साळिंदरराव काटा सरसावून उभे होते. भालेरावही खुर्ची वळवून कौतुकाने बघत होता.

आणि खंडोजीने मासा फांदीवर दोनदा आपटला.

काय करणार, मुलांनो? शंभर पिढ्यांची सवय. चोचीत मासा आला की मान आपोआप वळायची. आपटून झाल्यावर त्याच्या लक्षात आले, पण माशाच्या लक्षात काही येण्याची वेळ टळून गेली होती.

"अरे देवा," भालेराव छातीवर पंजा ठेवून म्हणाला. "केवढा हा निर्दयपणा. या माशाला मी कालच तिसऱ्यांदा पकडून सोडलं होतं."

परवाना नामंजूर झाला. मासा जप्त झाला. मासा दिसला तरी खंडोजीने तोंड फिरवून बसावे, असा शेरा त्याच्या नावापुढे पडला.

दोन दिवस निळाबाईने चतुर आणि नाकतोडे आणून कसेबसे भागवले. तिसऱ्या दिवशी पाचातल्या दोन पिल्लांनी ओरडणे सोडून दिले. पिलू ओरडत नाही म्हणजे काय, हे कोणत्याही बापाला सांगावे लागत नाही.

"चोरून आणा," निळाबाई म्हणाली.

"आणला असता गं. पण आपटल्याचा आवाज होतो."

तो पुन्हा कचेरीकडे निघाला, हातापाया पडायला. तिथे वेगळाच गोंधळ चालला होता. अस्वलांच्या काठाला मासे तरंगत होते. उताणे, पांढरे, जबडे फाटलेले. लहान मासे तर पुष्कळच होते. भालेराव नाकाला पंजा लावून तक्रार करत होता, की फोटोत मागे हे असले दिसते.

साळिंदररावांना घाम फुटला होता. वाघ पाहणीला येणार होता.

"साहेब, यातला एक मासा मी उचलला तर?" खंडोजीने भीतभीत विचारले.

"मासा?" साळिंदरराव दचकले. "कुठे आहे मासा? नियमाप्रमाणे प्रत्येक मासा जिवंत सोडला जातो. नोंदी आहेत माझ्याकडे. मेलेला मासा या तळ्यात असूच शकत नाही."

"मग हे काय आहे?"

साळिंदररावांनी काट्याने एक पांढरे पोट ढोसून पाहिले. "कचरा," ते शेवटी म्हणाले.

"मग कचरा उचलला तर?"

साळिंदररावांचा चेहरा उजळला. कचरा उचलायला परवाना लागत नव्हता. कचऱ्याला वीत लावायची नव्हती. तो सोडून द्यायचाही नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे काटा उपटला आणि खंडोजीला तळ्याचा मानद स्वच्छतादूत नेमले.

त्या दुपारी पाचही पिल्ले जेवली. संध्याकाळपर्यंत पाचही ओरडू लागली.

निळाबाईने मात्र उरलेला मासा उलटापालटा करून पाहिला. "तुमच्या वडिलांनी मेलेला मासा कधी चोचीला लावला नव्हता," ती म्हणाली.

"त्यांच्या वेळी मासे मरत नव्हते गं. आपण मारायचो."

खंडोजी रोज काठावर उड्या मारत फिरायचा आणि कचरा उचलायचा. फांदीवर नेऊन तो दोनदा आपटायचा. आता त्यात मारण्यासारखे काही उरले नव्हते, पण आपटताना त्याला घटकाभर बरे वाटायचे.

वाघाची पाहणी झकास झाली. तळे कसे आरशासारखे स्वच्छ होते. समारंभात खंडोजीच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. माळेच्या वजनाने तो पुढे कलंडला, तेव्हा सर्वांना वाटले की तो वाकून नमस्कार करतो आहे. भालेरावाने भाषण केले. "हाच तो खंडोजी. एके काळी दिसेल तो मासा मारणारा. आज बघा, नियमांनी त्याला कसं माणसात आणलं." अस्वलांनी खूप टाळ्या वाजवल्या.

पुढे पिल्लांना पिसे आली आणि ती बिळाबाहेर पडली. सर्वांत थोरली लेक होती चिमणाई. ती एके सकाळी उडत उडत खंडोजीच्या जुन्या फांदीवर जाऊन बसली. खंडोजीही हळूच तिच्या शेजारी टेकला. काठावर अजून कोणी आले नव्हते. कचेरी बंद होती. खाली पाणी नितळ होते आणि अगदी फांदीखाली एक मासा पोहत होता. बोटभर, चांदीसारखा, जिवंत.

खंडोजीची मान ताठ झाली. किती दिवसांनी.

"दिसला?" त्याने कुजबुजत विचारले.

"दिसला, बाबा."

खंडोजी वाट बघू लागला. आता ही पंख मिटेल, डोके खाली घालेल आणि सुटेल. त्याच्या वडिलांनीही याच फांदीवर बसून त्याची अशीच वाट बघितली होती. पण चिमणाई आरामात बसून होती. तिने पिसे फुलवली, चोच साफ केली आणि पुन्हा माशाकडे पाहिले.

"बाबा," ती म्हणाली, "हा मरणार कधी?"

तात्पर्य : मुलांनो, मासे उपाशी पोटी कधीही पकडू नयेत. आधी पोटभर जेवावे, हात पुसावेत आणि मगच गळ टाकावा. त्याने माशांचे रक्षण होते. मासे मरतात, पण तो कचरा असतो.