पाटकर मास्तर आणि माझे लाल कान

चाळीत कुणी पिऊन आला की बाकीचे दार लावून घेत. पाटकर मास्तर दार उघडून धावत बाहेर येत. लालबागच्या आमच्या चाळीत ते आणि त्यांचा धाकटा भाऊ वसंता, दोघेच राहत. मास्तर शाळेत मुलांना शास्त्र शिकवत आणि शाळा सुटली की आम्हाला. गिरण्यांचा संप फिसकटल्यापासून पिणारे वाढलेले, तेव्हा विद्यार्थ्यांना तोटा नव्हता.

एकदा मीही सापडलो. ऑफिसातल्या मित्राच्या बढतीची बियर पिऊन, वर मसाला पान कोंबून, मी साळसूदपणे जिना चढत होतो. मास्तरांनी माझे लाल झालेले कान पाहिले आणि त्यांना लॉटरीच लागली.

"ॲसिटाल्डिहाइड! लिव्हरने दारूचं काय केलं ते कानांवर आलंय बघ. चल, डोळे मीट, नाकाला बोट लाव."

मी लावलं. ते मास्तरांच्या चष्म्याला लागलं. गॅलरी हसली. आमची ही तेवढी हसली नाही.

मास्तर मात्र रंगात आले. मेंदूतल्या पेशी म्हणजे आपल्या खोल्या रे, म्हणाले. एकीतून दुसरीत निरोप जातात. काही निरोपे ओरडतात 'उठा', काही 'गप पडा'. दारू 'गप पडा'वाल्यांच्या हाती कर्णा देते, 'उठा'वाल्यांच्या तोंडावर उशी दाबते. रोज पिणाऱ्याच्या मेंदूत मग 'उठा'वाले उशीखालूनच आवाज वाढवतात. अशात दारू एकदम काढून घेतली, तर सगळी चाळ एका दमात बोंबलते!

मी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नाही. त्या फजितीनंतर मी चाळीतला दारूबंदीवाला झालो, एवढंच.

वसंता गिरणीत साच्यावर कापड विणायचा. संपानंतर त्याला परत घेतलं नाही, आणि तो सकाळपासूनच प्यायला लागला. मी चाळीची सभा भरवली. उद्या त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालायची, वर खोलीला बाहेरून कडी. बघू कसा पितो. टाळ्या पडल्या. मास्तर ताडकन उठले.

"एकदम तोडलीत तर झटके येऊन मरेल तो. डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवावी लागते."

"भाऊच पाजतोय म्हटल्यावर काय बोलणार," मी म्हणालो. त्यावर जास्त टाळ्या पडल्या.

सकाळी मी माळ घेऊन गेलो तर दाराला कुलूप. मास्तर पहाटेच वसंताला टॅक्सीत घालून इस्पितळात घेऊन गेले होते. हिने पेजेचा डबा हातात देऊन मलाही तिकडेच पिटाळलं.

वसंता खाटेवर थरथरत होता. एवढा पिकल्या मिशांचा माणूस, पण खाट वाजत होती. मास्तरांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. काहीतरी शहाण्यासारखं बोलावं म्हणून मी म्हणालो, "मास्तर, हे 'उठा'वाले ना?"

"हळू बोल," ते म्हणाले. "आई गेल्यापासून तापात हात धरल्याशिवाय झोपत नाही तो."

वसंताचा आताच कुठे डोळा लागत होता, हात सोडायची सोय नव्हती. मी डबा उघडला आणि मास्तरांना चमच्याने पेज भरवू लागलो. त्यांनीही मुकाट्याने तोंड उघडलं.