उकंडरावांची रबरी नळी

पाहुणे मोताळ्याला बसमधून उतरल्याचा निरोप आला आणि उकंडराव आधी रबरी नळी शोधायला लागले. नळी खुंटीवर नव्हती. असती तरच नवल. नवं महाराष्ट्र राज्य जेमतेम उभं राहिलं होतं, गावात तेवढी एकच नळी होती आणि उकंडरावांनी ती हौसेनं नांदुऱ्याहून आणली होती. पण बैल धुवायला, देवळाचा पार धुवायला, इंजिनात तेल भरायला अशी ती गावभर फिरायची आणि घरी फक्त मुक्कामाला यायची.

आज मात्र ती हवीच होती. लेकीला, शारदेला, बघायला मुलाचे वडील भगवानराव येणार होते. शारदेचं एक स्थळ आधीच फिरलं होतं. भगवानराव तर चहा पिऊन नकार कळवण्याबद्दल प्रसिद्ध होते. उकंडरावांचा सगळा भरवसा एका देखाव्यावर होता. नळीचं एक टोक परसातल्या उंच टाकीत सोडायचं, दुसरं तोंडानं ओढायचं, की पाणी चालत स्वयंपाकघराच्या दारातल्या रांजणात. असं घर बघून कोण नाही म्हणेल?

"इंद्रभान घेऊन गेला," त्यांच्या बायको गोजरबाई म्हणाल्या.

"आजच काऊन देली?"

"आजची बिछायत त्याची, कपबशा त्याच्या. त्याले नाही कसं म्हनू?"

इंद्रभान शेजारचा किराणावाला. पाहुणे दारात आणि नळी परसात, अशी त्यानं ती आणून टाकली. कशाला नेली होती ते त्यानं सांगितलं नाही आणि घाईत कोणी विचारलंही नाही.

उकंडराव भगवानरावांना कौतुकानं परसात घेऊन गेले. टोक तोंडात धरलं आणि छाती भरून ओढलं. आधी पाणी आलंच नाही, रॉकेल आलं. इंद्रभाननं दुकानातलं पीप याच नळीनं उपसलं होतं. होणाऱ्या व्याह्यासमोर थुंकायचं कसं? उकंडरावांनी डोळे मिटले. थोडं पोटात गेलं, थोडं मिशीत राहिलं. पाणी रांजणात पडू लागलं आणि त्यांच्या डोळ्यांतूनही.

"पोरीचा इचार आला वाटते," भगवानराव हळूच म्हणाले. उकंडरावांनी मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती.

भगवानरावांनी बिडी पुढे केली आणि काडी ओढली. उकंडराव उडी मारून थेट गोठ्यापाशी गेले. माणूस निर्व्यसनी दिसतो, असं भगवानरावांनी मनाशी धरलं. न बोलता एवढी अब्रू उकंडरावांनी आयुष्यात कमावली नव्हती.

मग चहा आला. रांजणातल्याच पाण्याचा. शारदेनं कप हातात दिला, भगवानरावांनी घोट घेतला आणि बशी खाली ठेवली. आतून गोजरबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. स्थळ गेलं, हे उकंडरावांना कळलं आणि आता त्यांना खरोखर रडू यायला लागलं.

"नळी कोणाले देली होती?" भगवानरावांनी विचारलं.

"इंद्रभानले," उकंडराव म्हणाले आणि ओटीभर वास सुटला. "मागतलं तं नाही म्हनता येत नाही जी."

भगवानरावांनी बिछायतीच्या कोपऱ्यावरचं इंद्रभानचं नाव वाचलं. "मागच्या दोन्ही घरी सारं सोताचं होतं. पन त्याइचं घर कोनतं हे इचारलं, तं गावात कोनी बोट दाखवून नाही राह्यलं. तुमच्या घरी पोचवून द्याले चारजन आले. मले असंच घर पाह्यजे." त्यांनी कप उचलला, पुन्हा वास घेतला आणि परत ठेवला. "सोयरीक पक्की. चहा राहू द्या, साखर आना."

साखर वाटून झाली. निघताना भगवानराव दारात घुटमळले. आता आपण सोयरेच झालो, तर ती नळी चार दिवस नेऊ का, असं त्यांनी विचारलं. उकंडराव काय नाही म्हणणार?

शारदा वैशाखात सासरी गेली, नळी मात्र साखर वाटली त्याच दिवशी गेली. पहिल्या सणाला लेक माहेरी आली तेव्हा उकंडरावांनी तिची खुशाली विचारली, जावयाची विचारली आणि मग इकडे तिकडे बघत नळीचं विचारलं.

"सुखात हाये बाबा," शारदा म्हणाली. "पन घरी नसते."