नानांना भरताची पोच लागे

धुळ्याला आमच्या शेजारी राहणारे नाना आमच्याकडे भरताची वाटी पाठवत आणि तिचीही पोच मागत. चिठ्ठीवर ‘एक वाटी भरीत मिळाले’ असं लिहायचं, खाली तारीख आणि सही. चिठ्ठीला उशीर झाला की स्वतः दारात हजर. "कागद अडला कुठं?" बायको वैतागून म्हणे, "भरीत नको, पण ही पोच आवरा." मी मुद्दाम जेवण उरकून, पान जमवून, मग सावकाश सही करायचो. तेवढीच आपली मजा.

नाना म्हणजे मामलेदार कचेरीतले निवृत्त आवक कारकून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सरकारी कामात सुधारणा कशी व्हावी यावर गावात कुठंही सभा असली की ते पुढच्या रांगेत. कोणी स्वराज्यावर बोलो की गटारांवर, नाना उठत. "माझी एकच सूचना. अर्ज घेतला की तिथल्या तिथं पोच." लोक हसत. नाना खाली बसत आणि पुढच्या सभेला पुन्हा उठत.

एका सभेला मात्र मी मुद्दाम मागच्या रांगेत बसलो. मी लोकल बोर्डात हंगामी कारकून. मला कायम करण्याचा हुकूम मामलेदारांकडे सहीला पडलेला, आणि त्या सभेचे अध्यक्ष मामलेदारच. त्यात आठवड्यापूर्वी माझ्या टेबलावरून एका गावच्या शाळेचा अर्ज गहाळ झाला होता. तो सापडेना, आणि मी शहाणा ते नानांना सांगून बसलो होतो.

नाना उठले. सूचना झाली. एक वकील म्हणाले, "पोचा लिहीत बसले तर कारकून काम कधी करणार?" हशा पिकला. मामलेदारांनी विचारलं, "नाना, अर्ज हरवतात याला पुरावा काय? एक तरी दाखला द्या."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरी गेली, असंच मी धरून चाललो.

"आहे," नाना म्हणाले. "माझ्याच हातचा."

नाना तेव्हा शिरपूरच्या कचेरीत होते; पलीकडच्या एका गावात पटकीची साथ लागली होती. विहिरीत औषध टाकावं म्हणून एक म्हातारा पायी अर्ज घेऊन आला. वर ‘विहीर’ दिसली, म्हणून नानांनी तो विहीरदुरुस्तीच्या कागदांच्या बस्त्यात बांधला. तो बस्ता पावसाळा सरल्यावरच सुटायचा.

"त्यानं विचारलं, 'कागद साहेबले भेटी ना, भाऊ? बठ्ठा लोके वाट दखी ऱ्हायनात.' सगळं गाव वाट बघत होतं, आणि मी म्हणालो, भेटेल, जा. औषध गेलं तेव्हा तो नव्हता. त्याच्या घरचंही कोणी नव्हतं."

कोणी हसलं नाही. मामलेदारांनी सूचना लिहून घेतली. वाटेत मी नानांना म्हणालो, "नाना, माझं नाव घेतलं नाहीत..." ते म्हणाले, "तुझा कागद अजून सापडेल. उद्या सगळे बस्ते सोड."

अर्ज सापडला, दुसऱ्याच बस्त्यात. त्या दुपारी भरताची वाटी आली. मी घास घेण्याआधी पोच लिहिली आणि स्वतः घेऊन गेलो. नाना पाटावर बसले होते. समोर ताट वाढून झाकून ठेवलेलं, भाकरी कडक झालेली. इतकी वर्षं मी पान जमवत होतो, तेव्हा हे असेच बसून असणार.

"पोचलं ना?" त्यांनी विचारलं.

"पोचलं, नाना."

मग त्यांनी ताटावरचं झाकण काढलं.