पाव खाल्ल्याने विसर पडत नाही

असत्याशी लढणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. एकटा माणूस फार तर खरं बोलू शकतो, आणि त्याने आजवर कोणाचं भलं झालंय? असत्याशी नीट लढायचं तर देश लागतात, ठराव लागतात, ठरावांची भाषांतरं लागतात आणि मधल्या सुट्टीत चहा लागतो. हे सगळं ज्या एकाच संस्थेकडे आहे, ती म्हणजे आंतरराष्ट्रीय खुलासा सहकार मंडळ. अकरा देश तिचे सभासद आहेत, आणि आमच्या शहरातल्या तिच्या केंद्राचा मी प्रमुख आहे. (केंद्रात मी एकटाच आहे. पण प्रमुख आहे.)

मंडळाचं ध्येय दुहेरी. एक, जगात कुठेही अफवा उठली की तिचा खुलासा सर्व देशांत पोचवणं. दोन, माहितीच्या बाबतीत कोणीही गरीब राहू नये हे पाहणं. दोन्ही ध्येयं इतकी सज्जन आहेत की ती एकत्र आल्यावर काय गोंधळ घालतील, असा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही. भल्या माणसांची झडती कोण घेतं!

शहराच्या टोकाला, चढावर, वरची वस्ती आहे. तिथे फोनला रेंज नाही. रेंज हवी तर पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून एक हात वर करून उभं राहावं लागतं, आणि एवढे कष्ट करून कोणी अफवा वाचत बसत नाही. माणूस लेकीला 'बरा आहे' एवढं कळवतो आणि खाली उतरतो. मंडळाच्या निरीक्षक बाई पाहणीला आल्या तेव्हा त्यांनी घरोघर विचारलं, "गेल्या वर्षात तुम्ही किती अफवा ऐकल्या?" लोक ओशाळले. एका आजोबांनी डोकं खाजवून शेजारणीबद्दल काहीतरी सांगितलं, पण चौकशीअंती ते खरं निघालं. बाईंचे डोळे भरून आले. "खालच्या शहरात माणशी बेचाळीस अफवा, आणि इथे शून्य? अहो, ही विषमता आहे!" त्यांनी अहवालात वस्तीची नोंद 'माहितीवंचित' अशी केली आणि तिथे तातडीने खुलासे पोचवायला मला सांगितलं.

खुलासा कशाचा करायचा हा प्रश्नच नव्हता. साठ्यात भरपूर असतात. वरचाच एक मी उचलला. कुठल्याशा दूरच्या सभासद देशात उठलेल्या अफवेवरचा तो खुलासा होता: 'पाव खाल्ल्याने विसर पडत नाही.' तो मी भिंतीभिंतीवर चिकटवला आणि भोंग्याच्या गाडीवरून गल्लोगल्ली ऐकवला. आता वस्तीत पावाची बेकरी एकच, आणि ती माझ्या सख्ख्या वहिनीची. दादा पीठ मळतो, वहिनी पाव वळते, शिवाय भट्टी आणि गिऱ्हाईक दोन्ही सांभाळते. घरच्या धंद्याची बाजू अकरा देशांनी फुकटात घेतली, म्हणून मी मनातून फुशारूनही गेलो होतो.

संध्याकाळी टाकीखाली माणसं जमली. निवृत्त मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला.

"पडत नाही म्हणजे? पडतो असं कोण म्हणालं होतं?"

"कोणीच नाही," शिंपी म्हणाला.

"मग अकरा देश गाडी घेऊन सांगायला कशाला येतील? कुठेतरी पाणी मुरतंय."

दुसऱ्या दिवशी वहिनीचे निम्मे पाव उरले.

मी हे प्रामाणिकपणे वर कळवलं. मंडळाने ते फारच मनावर घेतलं. तीन देशांनी खेद व्यक्त केला, दोघांनी त्या खेदात दुरुस्ती सुचवली, आणि अखेर रोगाचं निदान झालं. ते असं: इतरांकडे अफवाही आहे आणि खुलासाही, वरच्या वस्तीला नुसताच खुलासा मिळाला, म्हणजे तिला अर्धीच माहिती मिळाली, सबब वस्तीला मूळ अफवाही समान प्रमाणात पुरवण्यात यावी. हा तर्क वाचून मी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. (केंद्रात दुसरं कोणी नसल्याने त्या थोड्या वेळाने थांबवाव्या लागल्या.)

आणि अफवा आली ती काय देखणी! गुळगुळीत कागद, रंगीत चित्र. चित्रात एक माणूस हातात पाव घेऊन स्वतःच्याच दारात उभा आहे आणि बायकोला विचारतोय, "आपण कोण?" खाली मंडळाचा गोल शिक्का, आणि त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'मूळ अफवा, केवळ खुलाशासाठी'. (खुलासा पिवळट कागदावर होता. चित्रांची तरतूद अफवेपुरतीच होती; खुलाशाने स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी अपेक्षा असते.) लोकांनी ती अफवा हौसेने घरात लावली.

मग काय विचारता! वर्षानुवर्षं ज्या विसराळूपणाला वस्तीत काही कारण नव्हतं, त्याला आठवड्याभरात कारण मिळालं. मुख्याध्यापकांना चष्मा सापडेना, तो कपाळावर होता: पाव. शिंप्याने सदऱ्याला एकच बाही लावली: पाव. नळवाला टाकीची चावी बंद करायला विसरला आणि अर्धी वस्ती अंथरुणासकट न्हाली: पाव. एका गृहस्थाला बायकोचा वाढदिवस लग्नापासून एकदाही आठवला नव्हता. त्याने तेवढ्या सगळ्या वर्षांचे पाव एकदम कबूल केले. मुलांनी कोरे पेपर दिले, गुरुजींनी ते न तपासताच सगळ्यांना पास केलं: दोन्हीकडून पाव. गंमत म्हणजे यांतल्या बहुतेकांनी महिनाभर पावाला हात लावला नव्हता. मंडळाच्या आकडेवारीनुसार वस्तीतली जागृती शून्यावरून अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेली. (उरलेले दोन टक्के प्रश्न काय होता ते विसरले.)

आणि एके दिवशी वहिनी केंद्रावर आली. तिच्या हातांना पीठ नव्हतं. वहिनीचे हात मी पिठाशिवाय कधी पाहिलेच नव्हते.

"भाऊजी, भट्टी थंड पडलीय. अशीच राहिली तर ओल धरून तडकेल, मग बेकरी संपली. तुमचा दादा रिकाम्या परातीसमोर बसून असतो. तो कागद काढा."

"वहिनी, खुलासा काढला तर पावाने विसर पडतो असा अर्थ होईल."

"मग अफवा काढा."

"अफवा काढली तर खुलासा अर्धवट राहील."

"आणि मी?"

याची तरतूद नियमावलीत नव्हती. मी दोनदा पाहिली.

"मग असं करा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर माझा पाव खा आणि काहीतरी तोंडपाठ म्हणून दाखवा. तुम्ही कागद लावलात ना? तुमचं ऐकतील."

आई गेल्यावर वहिनीनेच मला लहानाचं मोठं केलंय. तिला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? दुसऱ्या दिवशी टाकीखाली सगळी वस्ती लोटली. निरीक्षक बाई आल्या. भट्टी पेटली होती, पावाचा खरपूस वास चढभर दरवळत होता आणि लोक आवंढे गिळत होते. मी अख्खा पाव खाल्ला. अहाहा, काय पाव होता! मग मंडळाच्या अकरा सभासद देशांची नावं म्हणायला घेतली. एकेका नावाला टाळ्या पडू लागल्या. सातव्याला कोणीतरी शिट्टी मारली. दहाव्याला वहिनी किती दिवसांनी हसली, आणि दादाने विकायची परात उचलली.

अकरावा मला आठवेना. खरं सांगायचं तर तो मला पाव खाण्याआधीही माहीत नव्हता. तो देश बैठकीला कधी येत नाही, नुसती सही पाठवतो, आणि ती सही कोणाला वाचता येत नाही. मी निरीक्षक बाईंकडे पाहिलं. त्यांनी हातातला अर्धा पाव हळूच पिशवीत टाकला.

"बघा!" मुख्याध्यापक ओरडले. "डोळ्यांदेखत!"

मंडळाने मला मानपत्र दिलं. आजवर पावाच्या अफवेला साक्षीदार नव्हते, ते मी मिळवून दिले होते. वहिनी मात्र रात्रीचं जेवण वाढताना एवढंच म्हणाली, "वस्तीतल्यांचं जाऊ द्या. बाहेर शिकलीसवरलेली माणसं असतील की. त्यांनी हे असलं काही ऐकलेलंही नसेल. त्यांनी घेतला पाव, तर माझी भट्टी तगेल."

म्हणून मी तुमच्याकडे आलोय. तिला आता तेवढीच आशा उरलीय, आणि मलाही. गुपचूप पाव पुढे केला असता तर तुम्ही तो कधीच खाल्ला असता. पण मंडळाचा माणूस तुम्हाला माहितीपासून वंचित कसा ठेवील? म्हणून आधी सगळी हकीकत सविस्तर सांगितली. अफवाही दिली, खुलासाही दिला. हा घ्या पाव. वहिनीने आत्ताच भट्टीतून काढलाय.

घ्या ना! अहो, तुम्ही तर इतका वेळ वस्तीला हसत होतात. उद्या काही महत्त्वाचं लक्षात ठेवायचंय का?