मनातला काटा

एका जंगलात, बालमित्रांनो, झुळकी नावाची हरिणी राहत होती. ती अशी धावायची की तिची सावली मागून धापा टाकत यायची.

शेजारच्या जंगलात मोठी शर्यत भरली. झुळकीचं वय वाढत चाललं होतं. पुढच्या शर्यतीपर्यंत पाय टिकणार नव्हते. जिंकायचं तर आत्ताच.

संघासोबत वैद्य माकड जाणार होतं. ऐन वेळी त्याची जागा अध्यक्ष अस्वलाच्या मेहुण्याला मिळाली. मेहुणा साळिंदर होता. अस्वलाचा मेहुणा साळिंदर कसा, हे विचारू नका. क्रीडा संघटनेत नाती अशीच जुळतात.

साळिंदर झाला मनोबल-मार्गदर्शक. शर्यतीच्या सकाळी त्याने झुळकीला प्रेमाने मिठी मारली. मिठी सुटली, एक काटा मात्र तिच्या मांडीत राहिला.

"सर, काटा!" झुळकी कळवळली.

"कुठे?"

"मांडीत."

"चूक. मनात! डोळे मीट. दीर्घ श्वास घे. म्हण, मी वारा आहे."

"मी वारा आहे. पण सर, वाऱ्याला मांडी नसते."

"बघ, किती नकारात्मक विचार!"

झुळकीने दात लावून पाहिले. काटा निघेना. त्याला माकडाची बोटंच हवी होती, आणि ती घरच्या जंगलात शेंगा सोलत बसली होती.

झुळकी धावली. अर्ध्या वाटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. मग मांडीने दगा दिला. तीन पायांवर लंगडत ती सर्वांत शेवटी पोहोचली.

"पोरीला दबाव झेपला नाही," अस्वलाने पोपटांना सांगितलं. पोपट म्हणजे तिथले वार्ताहर. त्यांनी ते जसंच्या तसं जंगलभर सांगितलं. झुळकीची मांडी बघायला एकही फांदीवरून खाली उतरला नाही.

"दाजी, मन लहान करू नका," म्हणत साळिंदराने अस्वलालाही मिठी मारली.

अस्वल असं किंचाळलं की झाडांवरची कच्ची फळं गळाली.

"मेलो! वैद्य आणा रे!"

गरुड उडाला. माकडाला पाठीवर बसवून घेऊन आला.

झुळकी लंगडत पुढे झाली. "साहेब, काटा मनात आहे. डोळे मिटा. म्हणा, मी पर्वत आहे."

अस्वलाचा काटा चुटकीसरशी निघाला. माकड झुळकीकडे वळलं.

"थांब," अस्वल गुरगुरलं. "अध्यक्षांचं मनोबल खच्ची केल्याबद्दल तिच्यावर बंदी घातली आहे. आणि बंदी घातलेल्या खेळाडूला संघाचा वैद्य मिळत नाही."

साळिंदराने तिची समजूत काढली. या वेळी लांबूनच.

तात्पर्य: मन कणखर असेल, तर काटा टोचत नाही. फक्त तो दुसऱ्याच्या मांडीत असायला हवा.