दिगंबर वकिलांचं नाक

मी दिगंबर वकिलांना भर दुकानात खोटं पाडलं. ते खरे होते. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, घरातसुद्धा.

वकील स्टँपपेपर आधी हुंगायचे, मग वाचायचे. तारीख वीस वर्षांपूर्वीची आणि शाई कालची, असं म्हणून समोरच्याला घाम फोडायचे. मेथीची जुडी असो की सोयरीक, "सबूत काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. भाजीवाली विचारायची, आता शेताला साक्षीला आणू का? ते गंभीरपणे मान हलवायचे.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं अत्तराचं दुकान. वकिलांच्या कानात कायम एकाच अत्तराचा फाया, 'शाम-ए-दख्खन'. दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा ते बनवणाऱ्या भावांच्या वाटण्या झाल्या. जुनं नाव थोरल्याकडे गेलं आणि तिथंच पडून राहिलं. धाकट्यानं तेच अत्तर 'दख्खन-बहार' म्हणून काढलं. कुपीवर छापलं होतं, नाव नवे, माल तोच.

वकिलांनी एक कुपी नेली आणि आठवड्यानं परत आणली. माल तो नाही म्हणाले. मग कोर्ट सुटलं की रोज माझ्या बाकावर हजर. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, घेऊ नका, तोतया आहे. एका नवरदेवाच्या मामाची तर त्यांनी उलटतपासणीच घेतली. मामा अगरबत्ती घेऊन गेला. माल पडून राहिला. आणि वकिलांचं म्हणणं खरं आहे, हे मला ठाऊक होतं. चंदन महागलं म्हणून धाकट्यानं चंदनाच्या तेलाऐवजी स्वस्तातलं तेल वापरलं होतं. त्यानंच मला हसत सांगितलं होतं.

एका बाजारच्या दिवशी, दुकान भरलेलं असताना, मी म्हटलं, वकीलसाहेब, सबूतच देतो. एक फाया जुन्याचा, एक नव्याचा. ओळखा. दोन्ही फाये नव्याचेच होते. जुन्या रिकाम्या कुपीत मी नवं भरून ठेवलं होतं.

त्यांनी डोळे मिटून दोन्ही हुंगले. "दोन्ही नवेच हायेत."

मी जुनी कुपी वर धरली. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, आता नाकाची सनद काढून घ्या.

गर्दी पांगेपर्यंत वकील बसून राहिले. मग हळू म्हणाले, "शेठ, आमच्या आईला दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई. वासावरून मला वळखायची. अत्तर बदललं तवापासून माझा हात झिडकारून राह्यली. हा परका हाय, माझ्या दिगूला बोलवा म्हणती. घरचे म्हणतेत, म्हातारीचं डोकं गेलं. मी म्हणायचो, आई बराबर हाय, अत्तर बदललं. आता तुम्ही सबूत दिला. मंग आईचंच बदललं म्हणायचं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी त्यांना नव्याचीच कुपी बांधून दिली.

वकिलांनी आईला स्वतः भरवणं सोडलं, त्यासाठी बाई ठेवली. आत म्हातारी दिगूला हाका मारायची आणि दिगू बाहेर ओसरीवर बसून असायचा. भ्रमिष्टाच्या हाकेला ओ देऊन काय करू, असं मलाच एकदा म्हणाले. तशीच ती गेली.

वकील अजून दुकानात येतात. त्यांची आई शेवटपर्यंत शुद्धीवर होती, एवढं सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो. अजून सांगितलेलं नाही.